पौर्णिमा गाठून काढलेली सहल

भरती येते ती आवाज करत येते, असं मी वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत धरून चालले होते. एखाद्या अडाण्यानं तसं धरलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी भूगोलाची शिक्षिका होते. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत तीन वर्षं मी फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत काढून भरती-ओहोटी शिकवत होते. पृथ्वीभोवतीचं पाणी निळ्या खडूनं दोन्ही बाजूंना फुगवून दाखवायचे आणि मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या. समुद्र मात्र वर्गात कुणीच पाहिलेला नव्हता, टेबलाच्या या बाजूलाही नाही. आणि पाहिला तेव्हा तेरा वर्षांची एक परक्याची पोर माझ्या शहाणपणापायी त्यात जाता जाता राहिली.

हुरड्याचे दिवस आले की हे सगळं वर येतं. यंदाही मुलानं मला गाडीत घालून शेतावर नेलं. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव धुमसत होता. कुणीतरी भाजलेलं कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून दाणे माझ्या पुढ्यात टाकले, हिरवे, वाफाळते. शेजारी शेंगाची चटणी. नातवंडं फोटो काढण्यात गुंग. मी चिमूटभर दाणे तोंडात टाकले आणि जिभेला खारट लागलं. चटणीचंच मीठ असणार, मला कळत होतं. पण पाठीवरून काटा गेला तो गेलाच. नात म्हणाली, आजी, थंडी वाजतेय का? म्हटलं, हो बाई, वाजतेय. अकरा वाजताच्या उन्हात.

ते साल दुष्काळानंतरचं. दोन वर्षं खडी फोडून माणसांच्या हाताला घट्टे पडले होते आणि आता त्याच हातांपुढं ज्वारी डोक्याच्या वर उभी होती. होटगीच्या बाजूला सायकलवरून जावं तर रस्त्याच्या दोन्ही कडांना नुसती कणसं डुलत होती. ओळख ना देख, माणसं बांधावरून हाका मारून हुरडा खायला बोलवत. सगळ्यांनाच काहीतरी उधळावंसं वाटत होतं. मला वाटलं, मुलींना समुद्र दाखवावा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कधी काढायची सहल असं विचारलं, तर मी पंचांग उघडून पौष पौर्णिमा काढून दिली. चांदण्यातला समुद्र मुलींना दिसावा म्हणून. याच शहाणीनं पंधरा दिवसांपूर्वी फळ्यावर लिहिलं होतं की, पौर्णिमेला आणि अमावास्येला सर्वांत मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. ते वाक्य आणि ही तिथी एकाच डोक्यात शेजारी शेजारी बसली होती, पण एकमेकींशी बोलली नाहीत.

वर्गात रेणुका नावाची मुलगी होती. मंद्रूपची. शाळेसाठी सोलापुरात मावशीकडं राहायची. घरात शिकणारी ती पहिली. वडील मेंढरं राखायचे. ते सहलीला नाही म्हणाले, म्हणून बाजाराच्या दिवशी मी स्वतः मंद्रूपला गेले. माळावर जाळी लावून केलेल्या वाड्यात ते एका मेंढीचा खूर हातात धरून बसले होते. मान वर न करताच मला सांगितलं की पोर लहानपणी विहिरीत पडली होती, दोर टाकून काढली, तेव्हापासून ती ओढासुद्धा ओलांडत नाही. यावर गप्प बसेल ती शहाणी कसली? भीती म्हणजे काय, ती अज्ञानातून कशी येते आणि शिक्षणानं कशी जाते, यावर मी त्यांना आणि त्या मेंढीला अर्धा तास व्याख्यान दिलं. मेंढीनं दोनदा मान फिरवली. शेवटी त्यांनी खुरातला काटा काढला, तो बोटांत धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "तुमी शिकल्याली मानसं. माज्या मनात न्हाय, पर तुमच्या जिवावर धाडतो. जशी नेताय तशी आनून घाला."

त्यात काय एवढं, असं मी म्हटलं. अगदी याच शब्दांत.

एसटीचा तो प्रवास आठवतो तो उलट्यांच्या वासासकट. घाट उतरताना बावीसपैकी चौदा मुली आडव्या झाल्या होत्या. मालवणच्या पुढं कुठंतरी एका गावातल्या शाळेच्या ओसरीवर आम्ही मुक्काम केला. रात्री चांदणं पडलं आणि मी सगळ्यांना वाळूत नेऊन बसवलं. एकवीस मुलींनी किंचाळून घेतलं. रेणुका समुद्राकडं पाठ करून बसली. पाठीमागं अनोळखी कुत्रं उभं असलं की माणूस कसं बसतं, तशी. मला तो माझा अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवता उगवता दोन होड्यांतून बेटावर. बेटाचं नाव सांगत नाही, बेटाचा काही दोष नव्हता. होडी चालवणारे एक म्हातारे तांडेल होते, अंगानं वाळक्या खारकेसारखे. वाटेत पाण्यातून काळ्या पाठी वर आल्या, चकाकल्या आणि गेल्या. डॉल्फिन. मुली एका बाजूला झुकल्या तशी होडीही झुकली आणि तांडेलांनी माझ्याकडं जे पाहिलं त्यावरूनच त्यांचं माझ्याविषयीचं मत मला कळायला हवं होतं.

बेट मात्र असं की डोळ्यांना विश्वास बसू नये. आम्ही काळ्या रानातली माणसं. इतकं पांढरं आम्ही फक्त सुगीत कापसाच्या गाडीत पाहिलेलं. पाय टाकला की वाळू कुरकुरायची. नखाएवढे खेकडे हजारोंनी पळायचे आणि आपण थांबलो की बिळाच्या तोंडाशी येऊन डोळे उभे करून बघायचे. किनाऱ्यावरून वर झाडांकडं एक रुंद माग गेला होता, मधे फरफट आणि दोन्ही कडांना वल्ह्यासारख्या खुणा. रात्री कासवी अंडी घालायला येऊन गेली होती. रेणुका त्या मागाशी वाकून बसली. जनावर जड होतं, वर जाताना दमून तीनदा थांबलं आणि उतरताना एकदाही नाही, असं तिनं मला सांगितलं. मी पुस्तकात वाचलेलं कासवाचं आयुर्मान तिला सांगितलं.

बेटाच्या टोकाला, मुख्य किनाऱ्यापासून सुटा, एक मोठा खडक होता. माथ्यावर एकुलतं झाड आणि झाडात टोपल्याएवढं काटक्यांचं घरटं. समुद्री गरुडाचं. मधे वाळूची पट्टी, शंभरेक पावलांची, खडखडीत. तांडेलांनी मला बजावलं होतं. "बाईनू, त्या खडपार जाव नकात हां. दहाच्या आत पाणी भरतला."

मी मान डोलावली. मग आभाळ पाहिलं. ढगाचा एक ठिपका नव्हता. आता हे कोकणातल्या माणसाला सांगून पटणार नाही, पण आमच्याकडं ओढ्याला पाणी येतं ते वर कुठंतरी पाऊस पडला तर. सीना असो, भीमा असो, कोरडं पात्र ओलांडताना माणूस आधी आभाळ बघतं, मग कान देतं. लोंढा आला तर तो अर्ध्या कोसावरून घुमत येतो, पळायला वेळ देतो. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण हे सगळं परीक्षेपुरतं. पायांना जे माहीत होतं ते सीनेचं होतं.

मोठ्या बाई सुरूच्या झाडांखाली तीन दगड मांडून पिठल्याच्या तयारीला लागल्या. मी घरटं दाखवते म्हणून रेणुकेचं मनगट धरलं आणि निघाले. ती माझ्या मागं होती असं म्हणणं खरं नव्हे. मी तिला ओढत होते. पट्टीच्या मध्यावर तिनं एकदा पाय रोवले. मी म्हटलं, बघ, कुठाय पाणी? पाणी नव्हतंच.

खडकावर चढलो. झाडाखाली माशांचे काटे आणि दोरीसारखा एक सांगाडा पडलेला, समुद्रसापाचा. वर पांढऱ्या पोटाचा तो पक्षी एक फेरी मारून गेला, त्याची सावली आमच्या अंगावरून सरकली. रेणुका पहिल्यांदाच तोंड उघडं ठेवून वर बघत होती. माझा ऊर भरून आला. म्हटलं, शिक्षण म्हणतात ते हे. आणि मला चेव चढला. तिला मी समुद्राकडं तोंड करून बसवली, तीन शिंपले मांडले, हा सूर्य, हा चंद्र, ही पृथ्वी, आणि भरती-ओहोटी शिकवायला घेतली. समोरचा समुद्र होता तिथंच होता. लाटा येत होत्या, जात होत्या. मी मधूनमधून कान देत होते. घुमला की निघायचं.

किती वेळ शिकवलं कोण जाणे. ती मधेच मागं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, आपन आलो ती वाट कुटं हाय?"

पाणी समोरून आलंच नव्हतं. ते दोन्ही बाजूंनी वळसा घालून, पाठीमागच्या सखल वाळूत, घरात मांजर शिरावं तसं शिरलं होतं. पट्टी नव्हती. तिथं हिरवं, गुळगुळीत, सरकणारं पाणी होतं.

आमच्याकडं आजही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पिंप भरताना मी शेजारी उभी राहते. तळाशी धो धो, मग घुमारा, मग काठाशी येताना बारीक होत जाणारा सूर. सून म्हणते, आई, तुम्ही बसा, भरलं की कळेल. मी हलत नाही. पाणी भरत असताना आवाज येतोय, एवढंच मला ऐकायचं असतं.

त्या दिवशी पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे घाई. अजून कमरेएवढंच असेल, असं म्हणत मी उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं. पण ते ओढ्यासारखं एका दिशेनं वाहत नव्हतं. आधी डावीकडं ओढायचं, मग उजवीकडं, आणि पायाखालची वाळू टाचांखालून कुणीतरी मुठीमुठीनं काढून घेतल्यासारखी निघून जायची. एक चप्पल गेली. नऊवारी असती तर खोचली असती, शहाणीनं पाचवारी नेसली होती, ती भिजून पायांना गुंडाळली. मी मागं फिरून हात पुढं केला. चल, म्हटलं, आत्ताच, पुन्हा वेळ मिळायची नाही.

रेणुका खडकाच्या एका सुळक्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती.

"मी येत न्हाय."

मी समजावलं. मी रागावले. मी तिची बोटं एकेक करून सोडवायला गेले, तर ती पुन्हा जुळायची. मागं पाणी वाढत होतं, पलीकडून मोठ्या बाई पदर हलवत ओरडत होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. आणि मी तिच्या तोंडात मारली. फाडकन.

तीन वर्षांत वर्गात मी कुणावर हात उचलला नव्हता. त्यानंतर पस्तीस वर्षांतही नाही. ती एकच.

ती रडली नाही. गाल खडकाला टेकवून तशीच धरून राहिली. नुसतं म्हणाली, "मारा. पर मी येत न्हाय." तिला सोडून जाता येत नव्हतं आणि घेऊन जाता येत नव्हतं. मी वर येऊन तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं पाहिलं, मी मघाशी उभी होते तिथं पाणी पुरुषभर झालं होतं, आणि एक लाकडाचा ओंडका बाणासारखा आडवा वाहून जात होता. म्हणजे ती उठली असती तर आम्ही दोघी त्या ओंडक्याच्या वाटेनं गेलो असतो. जी भीती घालवायला मी तिला आणलं होतं, ती तिनं घट्ट धरून ठेवली होती म्हणून मी हे लिहिते आहे.

मग वाट बघणं. पाणी एकेक पायरी चढत होतं. मी शिंपले मांडले होते ती जागा गेली. सूर्य, चंद्र, पृथ्वी, तिन्ही गेले. आम्ही झाडाच्या बुंध्याशी सरकलो. हा खडक पूर्ण बुडतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. ज्या खडकावर एवढं मोठं झाड वाढलंय तो दर पौर्णिमेला खाऱ्या पाण्यात कसा बुडेल, हे भूगोलाच्या बाईंना सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मला फक्त तो मेंढीचा खूर दिसत होता आणि तो माणूस.

तांडेल होडी घेऊन आले, पण खडकाजवळ लाटा फुटत होत्या, होडी लागेना. त्यांनी थोड्या अंतरावर नांगर टाकला, दोन्ही तळवे खाली दाबून बसा, बसा अशी खूण केली आणि स्वतःही बसले. विडी पेटवली. होडी सुपातल्या दाण्यासारखी वरखाली होत होती आणि ते आमच्यावरची नजर काढत नव्हते. पाणी उतरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. कोकणातली पुष्कळ माणसं नंतर भेटली. प्रत्येकात मी तो माणूस शोधते.

उन्हानं डोकं तापलं होतं. उडालेल्या पाण्यानं अंगावर मिठाची पांढरी साय धरली होती. रेणुकेनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. मंद्रूपहून येताना आईनं बांधून दिलेला हुरडा होता, दोन दिवसांचा, सुकलेला आणि आता समुद्राच्या पाण्यानं भिजलेला. तिनं त्याचे दोन वाटे केले. मी तो खारट हुरडा चावत रडायला लागले. मोठ्यानं, नाक ओढत. तिनं पाहिलं आणि मान वळवून पक्ष्याकडं बघत राहिली. गरुड घरट्यात मासा घेऊन येत होता, जात होता. त्याच्या दृष्टीनं आम्ही म्हणजे खाली पडलेलं आणखी काहीतरी.

चार वाजता वाळूची पट्टी पुन्हा वर आली, जशी काही कुठं गेलीच नव्हती. पिठलं थंड झालं होतं. सोलापुरात सात रस्त्याला एसटीतून उतरताना मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, की मुलीच्या वडिलांची तक्रार आली तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही, वाचवणारही नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

चार दिवसांनी वडील शाळेत आले. मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. जाताना जिन्याचा कठडा धरला होता, तो अजून हाताला आठवतो. ते खांद्यावर घोंगडी टाकून उभे होते, रेणुका भिंतीशी. मी आत गेले तर त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

ते सांगू लागले तसं कळलं. रेणुकेनं घरी सांगितलं होतं, की ती स्वतःच कुणाला न विचारता खडकावर गेली, आणि बाई जिवाची पर्वा न करता तिच्या मागं आल्या. ते माझे उपकार मानायला आले होते. आणि दुसरं काम होतं शाळा सोडल्याचा दाखला. शिकून पोरीचे पाय सुटले, ऐकेनाशी झाली, आता मेंढरामागं राहू दे, वरीस-दोन वरसांत उजवून टाकू, असं ते शांतपणे बोलत होते. रेणुका खाली बघत होती. मला वाचवायला ती खरं सांगणार नव्हती, हे मला दिसलं. मोठ्या बाईंना सगळं माहीत होतं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

खोटं सांगत नाही, मी गप्प बसायचा विचार केला. किती वेळ? एक घोट गिळायला लागतो तेवढा. पण केला.

मग बोलले. मी नेलं, ओढत नेलं, तांडेलांनी नको म्हटलं असताना नेलं. पौर्णिमा मी ठरवली. पाण्यात चल म्हणून मी ओढली आणि ती आली नाही म्हणून आम्ही जगलो. तोंडात मारली, हेही सांगितलं. ते सांगताना माझाच हात मला जड झाला.

मग त्यांनी विचारलं, "भूगोल शिकिवता न्हवं तुमी?"

हो म्हटलं.

"आन् भरती कदी येती ते पुस्तकात हाय?"

आहे म्हटलं.

त्यांनी हूं केलं आणि पोरीकडं वळले. का खोटं बोललीस, विचारलं. ती भिंतीचा पोपडा नखानं काढत म्हणाली, "बाई लई रडत हुत्या, आबा."

त्यांनी घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मला वाटलं, आता पोरही शाळेतून जाणार आणि माझी नोकरीही. दाराशी जाऊन ते थांबले, आणि माझ्याकडं न बघता, मेंढराशी बोलावं तितक्या सहज बोलले.

"ऱ्हाऊ द्या तिला शाळंतच. पर बाई, पुन्यांदा हिला कुटं न्यायची झाली, तर मला इचाराया मंद्रूपला येऊ नगा. तिला इचारा."